जुन्या गाडीचा एसी : दरवर्षी गॅस भरावा लागतो, कॉम्प्रेसर बदलावा का?

खाडीकाठ (रत्नागिरी) :

नमस्कार. माझ्याकडे २००४ सालची, अकराशे सीसीची, पेट्रोलवर चालणारी छोटी गाडी आहे. गेली तीन वर्षे तिच्या एसीने एकच क्रम धरला आहे. एप्रिलमध्ये गॅस भरून घेतला की दीड-दोन महिने गाडी गारेगार होते. पावसाळ्यात आणि थंडीत मी एसी जवळपास लावतच नाही. आणि पुढच्या मार्चमध्ये बटण दाबावे, तर ब्लोअरमधून नुसता वारा येतो. गॅरेजमध्ये दर वेळी तेच उत्तर मिळते, की ‘गाडी जुनी झाली, गॅस संपणारच, वर्षाला एकदा भरायचा.’

यंदा मात्र निदान बदलले आहे. सकाळी गाडी थंड असताना आणि इंजिन बंद असताना त्यांनी गॅसचा दाब मोजणारा गेज लावला, तेव्हा दोन्ही काटे ५५ पीएसआयवर (पीएसआय हे दाबाचे एकक) होते. हवेचे तापमान त्या वेळी साधारण ३० अंश असावे. ‘अर्धा गॅस शिल्लक आहे,’ असे ते म्हणाले. मग इंजिन सुरू करून एसी लावला. कॉम्प्रेसरला इंजिनाशी जोडणारा क्लच लागला, पण लो साइडचा, म्हणजे कमी दाबाच्या बाजूचा, काटा १० च्या आसपास उतरला आणि हाय साइडचा, म्हणजे जास्त दाबाच्या बाजूचा, ११० च्या वर गेला नाही. यावरून ‘कॉम्प्रेसर प्रेशर बनवत नाही, बदलावा लागेल’ असे त्यांनी सांगितले. नव्या कॉम्प्रेसरची किंमत ऐकल्यावर मी विचाराला दोन दिवस मागून घेतले आहेत, कारण गाडीला आज बाजारात जे मिळेल त्याच्या जवळपास तो खर्च जातो.

गाडी विकण्याचा विचार नाही. वडिलांना महिन्यातून एकदा तपासणीसाठी कोल्हापूरला न्यावे लागते, आणि मे महिन्याच्या दुपारी साखरप्यापासून पुढे आंबा घाटात काचा उघड्या ठेवून जाणे त्यांना आता सोसत नाही. नोंदणीचे दुसरे नूतनीकरणही करून झाले आहे, म्हणजे आणखी काही वर्षे ही गाडी घरात राहणार. तेव्हा मला विचारायचे आहे ते एवढेच, की गॅस खरोखर आपोआप संपतो का, वरील आकड्यांवरून दोष कॉम्प्रेसरचाच ठरतो का, आणि गळती असल्यास ती रत्नागिरीसारख्या ठिकाणी नेमकी शोधून कशी घ्यावी.

गेजवाला (पुणे) :

मी बत्तीस वर्षे गाड्यांच्या एसीचेच काम करतो आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळत नाही, की इंजिन ऑइलसारखा काळा पडत नाही. तो एका बंद वर्तुळात फिरतो. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, पुढच्या कंडेन्सरमध्ये उष्णता बाहेर टाकून तो द्रव होतो, ड्रायरमधून गाळला जातो, एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रातून कूलिंग कॉइलमध्ये उतरतो आणि तिथे उकळताना गाडीतल्या हवेची उष्णता ओढून घेतो. रबरी नळ्यांच्या भिंतीतून आणि कॉम्प्रेसरच्या शाफ्ट सीलमधून वर्षाला काही ग्रॅम गॅस झिरपतो हे खरे, आणि त्यामुळे चांगल्या स्थितीतल्या जुन्या गाडीलाही काही वर्षांनी थोडा गॅस लागू शकतो. परंतु एप्रिलमध्ये भरलेला पूर्ण गॅस वर्षाच्या आत नाहीसा होत असेल, तर ते वय नव्हे, गळती आहे. आमच्या धंद्यात ‘गॅस संपला’ हा शब्दप्रयोग इतका रुळला आहे, की गिऱ्हाईकच काय, नव्या पोरांनाही तो खरा वाटतो.

आता आपल्या आकड्यांकडे येऊ. आपल्या गाडीत आर-१३४ए हा गॅस असणार. बॉनेटखालच्या स्टिकरवर त्याचे नाव आणि वजन लिहिलेले असते, ते एकदा वाचून घ्यावे. हा गॅस द्रव आणि वायू अशा दोन्ही रूपांत एकत्र असेल, तर बंद गाडीतला दाब केवळ तापमानावर ठरतो : २५ अंशांना सुमारे ८२ पीएसआय, ३० अंशांना ९७, ३५ अंशांना ११४. आत दोनशे ग्रॅम असोत किंवा पाचशे, द्रवाचा थोडा साठा शिल्लक आहे तोवर काटा तिथेच उभा राहतो, आणि म्हणून बंद गाडीचा गेज पाहून ‘पूर्ण’, ‘अर्धा’ असे सांगता येत नाही. मात्र काटा त्या आकड्याच्या बराच खाली असेल, तर एक गोष्ट नक्की कळते. ३० अंशांना ५५ याचा अर्थ आत द्रवाचा साठा उरलेलाच नाही, सगळा विरळ वायू आहे. आपल्या गाडीत बहुधा शंभर ग्रॅमही गॅस नसावा.

ज्या कॉम्प्रेसरला दाबायलाच काही दिले नाही, तो प्रेशर कुठून बनवणार? झिजलेल्या कॉम्प्रेसरची खूण वेगळी असते. त्यात गॅस पुरेसा असूनही हाय साइड वर चढत नाही आणि लो साइड खाली उतरत नाही. दोन्ही काटे एकमेकांकडे सरकतात. आपली लो साइड १० पर्यंत खाली गेली, म्हणजे कॉम्प्रेसर ओढतो आहे. दोन्ही बाजू कमी असणे ही गॅस कमी असल्याची खूण आहे. पूर्ण गॅसवर, ३५ अंशांच्या हवेत, लो साइड साधारण ३० ते ४० आणि हाय साइड २०० ते २५० च्या दरम्यान दिसली, तर कॉम्प्रेसरला हात लावण्याचे कारण नाही. हे तपासण्याआधी तो बदलणे म्हणजे उपाशी माणसाला अशक्तपणाचे औषध देण्यासारखे होईल.

गळती शोधताना आधी डोळे आणि बोटे वापरावीत. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचे तेलही फिरत असते, त्यामुळे जिथून गॅस जातो तिथे तेलाचा ओशट डाग पडतो आणि त्यावर धूळ बसून काळपट थर तयार होतो. पाइपांचे सगळे जोड, नळीला जिथे ॲल्युमिनियमची टोपी दाबून बसवलेली असते ती जागा, कंडेन्सरच्या खालच्या कडा आणि कॉम्प्रेसरच्या क्लचमागची बाजू टॉर्च घेऊन पाहावी. समुद्राकाठच्या गाड्यांत खारी हवा आणि चिखल यांमुळे कंडेन्सर खालून खंगतो. बोट लावताच जाळीचा भुगा हातात येतो. गॅस भरण्याच्या दोन्ही तोंडांवर झाकणे आहेत का, तेही पाहावे. आतली पिन सायकलच्या व्हॉल्व्हसारखीच असते. ती जराशी झिरपत असली, तरी रबराची चकती असलेले झाकण पुष्कळ गॅस अडवते, आणि दहा गाड्यांपैकी निम्म्यांवर ते झाकण कुणीतरी हरवलेले असते.

डोळ्यांना काही दिसले नाही, तर नायट्रोजनची चाचणी घ्यावी. कोरडा नायट्रोजन रेग्युलेटर लावूनच १५० पीएसआयपर्यंत भरतात आणि प्रत्येक जोडावर साबणाचे दाट पाणी लावून फुगे पाहतात. टायरमध्ये हवा भरण्याचा पंप यासाठी वापरू देऊ नये. त्या हवेत दमटपणा असतो, शिवाय उरलेला गॅस आणि दाबलेली हवा यांचे मिश्रण पेट घेऊ शकते. ऑक्सिजनचा सिलिंडर तर कधीही नाही, कारण दाबलेला ऑक्सिजन आणि तेल एकत्र येणे म्हणजे थेट स्फोट. रत्नागिरीत गाडीच्या गॅरेजमध्ये नायट्रोजन नसला, तरी घरगुती स्प्लिट एसी बसवणाऱ्यांकडे तो असतो. आपल्या गॅरेजवाल्यांनाच सुचवा, की त्यांच्यापैकी एकाला तासभर बोलावून घ्यावे.

गॅस भरण्याआधी पंपाने आतली हवा ओढून व्हॅक्यूम करतात, आणि तो टिकला म्हणजे गळती नाही, असे पुष्कळ जण मानतात. व्हॅक्यूममध्ये आत आणि बाहेर यांत फार तर एका वातावरणाचा, म्हणजे पंधराएक पीएसआयचा फरक असतो, आणि तोही उलट दिशेने. चालू गाडीत हाय साइडवर याच्या पंधरापट दाब असतो. व्हॅक्यूमला टिकलेली नळी गॅसला टिकेलच असे नाही.

जाता जाता सांगतो, आम्ही शिकत होतो तेव्हा गळती शोधायला हॅलाइडचा दिवा असायचा. त्याची रबरी नळी जोडाजवळ फिरवायची आणि आत जुना आर-१२ गॅस ओढला गेला, की ज्योत हिरवी व्हायची. त्या गॅसमध्ये क्लोरीन होते म्हणून हे साधत असे. आर-१३४ए मध्ये क्लोरीन नाही, त्यामुळे तो दिवा आता माळ्यावर पडला आहे. विषारी धुराचा विचार करता, पडला ते बरेच झाले.

झटपट (सोलापूर) :

मी इतक्या खोलात गेलो नसतो. बाजारात गळती बंद करणारे द्रव मिळते, ते लो साइडमधून सोडून वरून गॅस भरला की बारीक गळती बुजते. माझ्या व्हॅनमध्ये एकाने हायड्रोकार्बनचा स्वस्त गॅस भरून दिला आहे; तो वजनाला कमी लागतो आणि थंडावा आर-१३४ए पेक्षाही चांगला देतो. वीस वर्षांच्या गाडीवर डॅशबोर्ड उतरवण्यापर्यंत खर्च करणे मला व्यवहार्य वाटत नाही. नवीन गॅसचे डबेही ऑनलाइन स्वस्त मिळतात, आणि सोबत नळी असल्यास घरच्या घरी काम होते.

उष्णमापक (ठाणे) :

श्री. झटपट यांचा खर्चाचा मुद्दा मला पटतो, उपाय मात्र पटत नाहीत. हायड्रोकार्बन म्हणजे मुख्यतः प्रोपेन आणि आयसोब्युटेन, अर्थात स्वयंपाकाच्या गॅसचे चुलतभाऊ. ते उत्तम शीतक आहेत यात शंका नाही. आजकालच्या घरगुती फ्रिजमध्ये आयसोब्युटेनच असतो, परंतु तिथे तो अगदी थोडा असतो आणि यंत्रणा कारखान्यात कायमची बंद केलेली असते. आपल्या गाडीत कूलिंग कॉइल डॅशबोर्डच्या आत, म्हणजे प्रवाशांच्या डब्यातच बसवलेली आहे. ज्या गाडीला गळती आहे हे आपल्याला आधीच ठाऊक आहे, तिच्यात ज्वलनशील गॅस भरणे आणि काचा बंद करून वडिलांना शेजारी बसवणे, ही कल्पना मला करवत नाही. शिवाय अशी गाडी उद्या दुसऱ्या गॅरेजमध्ये गेली, तर तिथल्या माणसाला आत काय भरले आहे हे कळायला मार्ग नसतो.

स्वस्त डब्यांबाबत इशारा द्यावासा वाटतो. बनावट आर-१३४ए मध्ये आर-४०, म्हणजे मिथाइल क्लोराइड, मिसळल्याचे प्रकार जगभर आढळले आहेत. हा पदार्थ ॲल्युमिनियमशी संयोग पावून हवेच्या संपर्कात आपोआप पेटणारी संयुगे तयार करतो. २०११ मध्ये व्हिएतनाममध्ये देखभाल झालेल्या वातानुकूलित जहाजी कंटेनरांचे स्फोट होऊन माणसे दगावली, त्यामागे अशीच भेसळ निघाली होती. गाडीचा कंडेन्सर, पाइप आणि कॉम्प्रेसरचे आवरण ही सगळी ॲल्युमिनियमचीच असतात, तेव्हा गॅस ओळखीच्या दुकानातून, सीलबंद आणि पावतीसह घ्यावा.

गळती बुजवणारे बरेचसे द्रव दमटपणाशी संयोग झाल्यावर घट्ट होतात. यंत्रणेत थोडा जरी दमटपणा राहिला असेल, तर ते एक्स्पान्शन व्हॉल्व्हमध्येच घट्ट होऊन बसतात. ज्या गॅरेजमध्ये गॅस परत खेचून घेणारे यंत्र आहे, तिथे असा द्रव घातलेली गाडी घ्यायला नकार मिळू शकतो, कारण त्यांचे यंत्र चोंदते.

एक मुद्दा कुणी मांडला नाही म्हणून नोंदवतो. आर-१३४ए ओझोनला अपाय करत नाही, पण तापमानवाढीच्या बाबतीत तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४३० पट प्रभावी धरला जातो. ४५० ग्रॅमचा एक डबा हवेत गेला, तर तो सुमारे ६४० किलो कार्बन डायऑक्साइडइतका ठरतो. तीन उन्हाळ्यांचे तीन डबे धरले, तर हा आकडा दोन टनांच्या जवळ जातो. ओझोन रक्षणाच्या मॉन्ट्रियल कराराला जोडलेल्या किगाली दुरुस्तीनुसार भारताला २०२८ पासून या कुळातील वायूंचा वापर गोठवायचा आहे, त्यामुळे दरवर्षी डबा विकत घेण्याची ही सवय पुढे महागातही पडू शकते.

जुनागाडा (नाशिक) :

माझी सेडान १९९५ ची आहे, म्हणजे खाडीकाठ यांच्या गाडीहून एक पिढी मागची, आणि तिच्यात मुळात आर-१२ होता. १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानुसार विकसनशील देशांत क्लोरोफ्ल्युरोकार्बनचा, म्हणजे आर-१२ च्या कुळातील वायूंचा, वापर १ जानेवारी २०१० पर्यंत थांबवायचा होता, त्यामुळे तो गॅस आता विसरलेलाच बरा. ज्यांच्याकडे अशा गाड्या आहेत त्यांच्यासाठी माझा अनुभव लिहितो.

पहिल्यांदा मी फसलो. एका ठिकाणी जुन्या तेलावरच आर-१३४ए भरून दिला. आर-१२ बरोबर खनिज तेल चालते, ते आर-१३४ए मध्ये विरघळत नाही; परिणामी तेल कूलिंग कॉइलमध्ये साचून राहते आणि कॉम्प्रेसर कोरडा पडतो. माझा कॉम्प्रेसर आठ महिन्यांत कुरकुरू लागला आणि दहाव्या महिन्यात अडकला. दुसऱ्या वेळी कॉम्प्रेसर उतरवून जुने तेल निथळून घेतले, पाइप आणि कॉइल धुऊन घेतली, एस्टर तेल घातले, जे उरल्यासुरल्या खनिज तेलाबरोबर निभावून नेते, जोडांतल्या सगळ्या ओ-रिंग, म्हणजे रबरी कड्या, बदलल्या आणि नव्या गॅसला चालणारा ड्रायर बसवला. गॅस मूळ वजनाच्या ऐंशी ते पंच्याऐंशी टक्केच भरायचा असतो. तो पूर्ण भरला, की हाय साइड बेसुमार चढते. आर-१३४ए कडक उन्हात मुळातच जास्त दाबावर चालतो, म्हणून मी जुन्या धाटणीचा कंडेन्सर काढून समांतर नळ्यांचा नवा बसवला आणि समोर जास्तीचा फॅन लावला. गॅस भरण्याच्या जुन्या आट्यांच्या तोंडांवर नव्या गॅसचे ॲडॉप्टर बसवून बॉनेटखाली चिठ्ठी चिकटवली आहे, म्हणजे पुढच्या माणसाचा गोंधळ होऊ नये.

खाडीकाठ यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. गॅस नीट असूनही जुन्या गाड्यांत गारवा कमी पडण्याचे एक कारण हीटर असते. गरम पाण्याचा हीटर कॉक किंवा आतली झडप केबल सैल झाल्यामुळे पूर्ण बंद होत नाही, आणि थंड झालेली हवा बाहेर पडण्याआधी पुन्हा गरम होते. माझ्या गाडीत हीटरकडे जाणारी नळी शिकंज्याने दाबताच हवेचे तापमान चार अंशांनी उतरले. एक पैसाही खर्च नाही.

खाडीकाठ (रत्नागिरी) :

सर्वांचे मनापासून आभार. गेजवाले काका, आपण लिहिल्याप्रमाणे टॉर्च घेऊन पाहिले. स्टिकरवर आर-१३४ए आणि ४८० ग्रॅम असे लिहिले आहे. लो साइडच्या तोंडावर झाकण नव्हते. कंडेन्सर खालून मातीने माखला होता, पण धुतल्यावर जाळी शाबूत निघाली. कॉम्प्रेसरकडून कंडेन्सरकडे जाणाऱ्या नळीवर, जिथे टोपी दाबून बसवली आहे तिथे, काळा ओशट थर होता.

गॅरेजवाल्यांना हे दाखवले तेव्हा त्यांनी मोकळेपणाने मान्य केले, की नळी तपासली नव्हती. त्यांनीच ओळखीच्या स्प्लिट एसीवाल्याला नायट्रोजन घेऊन बोलावले. साबणाचे पाणी लावताच दाबलेल्या टोपीच्या कडेतून बारीक फुगे येऊ लागले. सुरुवातीला काहीच दिसले नव्हते. नळी हाताने जराशी वाकवल्यावर फुगे सुरू झाले, म्हणजे इंजिन हलते तेव्हाच ती जास्त गळत असणार. नळी काढून कोल्हापूरला पाठवली आणि जुनी धातूची टोके कायम ठेवून मधली रबरी नळी नवी प्रेस करून आणली.

आता नवी अडचण. नळी बसवून काल संध्याकाळी पुन्हा १५० पीएसआय नायट्रोजन भरून गाडी रात्रभर ठेवली. त्या वेळी तापमान ३३ अंश होते. आज सकाळी सहा वाजता काटा १४५ वर होता. एसीवाल्याचे म्हणणे आहे, की अजून गळती आहे आणि आता डॅशबोर्ड उतरवून कूलिंग कॉइल पाहावी लागेल. तसे करावे का?

उष्णमापक (ठाणे) :

डॅशबोर्डला हात लावण्याआधी मला सकाळचे तापमान सांगा.

खाडीकाठ (रत्नागिरी) :

२४ अंश. गाडी पत्र्याच्या शेडमध्ये उघड्यावरच आहे.

उष्णमापक (ठाणे) :

मग आपली यंत्रणा बहुधा गळत नाही. बंद जागेतील वायूचा दाब निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात बदलतो. गेजवरचे १५० म्हणजे वातावरणाचा दाब धरून सुमारे १६४.७. ३३ अंश म्हणजे ३०६ केल्विन आणि २४ अंश म्हणजे २९७ केल्विन. १६४.७ ला २९७ ने गुणून ३०६ ने भागले, तर सुमारे १५९.९ येतात, त्यातून वातावरणाचे १४.७ वजा केले की गेजवर १४५.२ दिसायला हवेत. आपल्याला १४५ दिसले. दुपारी पत्रा तापल्यावर पुन्हा पाहा. संध्याकाळच्या तापमानाला काटा १५० वर परत आला पाहिजे. नायट्रोजनऐवजी आर-१३४ए च भरून ठेवला असता, तर हा हिशेब चालला नसता, कारण तिथे द्रव आणि वायू यांचे वेगळे नाते लागते.

गेजवाला (पुणे) :

उष्णमापक यांनी गणिताने सांगितले तेच आम्ही अंदाजाने सांगतो, की सकाळचा आणि संध्याकाळचा काटा एकमेकांशी ताडू नये. तरीही कॉइलची शंका राहिलीच, तर गॅस भरल्यानंतर डॅशबोर्ड न उतरवता एक तपासणी होते. एसी चालवून गाडी बंद करावी आणि पंधरा मिनिटांनी इलेक्ट्रॉनिक डिटेक्टरचे नाक पाणी बाहेर पडण्याच्या खालच्या नळीशी धरावे. हा गॅस हवेपेक्षा जड असतो. कॉइल गळत असेल, तर तो तिथेच खाली उतरतो.

काटा दुपारी जागेवर आला, की पुढचे काम असे करून घ्यावे. ड्रायर नवीन बसवावा, आणि त्याची बुचे अगदी शेवटच्या क्षणी काढावीत. आतले दाणे हवेतला दमटपणा ओढतात, आणि कोकणातल्या हवेत उघडा ठेवलेला ड्रायर संध्याकाळपर्यंत निकामी होतो. ओ-रिंग हिरव्या किंवा गॅसला चालणाऱ्याच घ्याव्यात, नळाच्या काळ्या नव्हेत, आणि त्यांना कॉम्प्रेसरचेच तेल लावून बसवाव्यात. गळतीबरोबर थोडे तेलही गेले आहे, पण ते भरताना हात आखडता ठेवावा. अशा छोट्या गाडीत एकूण तेलच साधारण शंभर ते दीडशे मिली असते. नवा ड्रायर आणि नळी यांच्यासाठी वीस-तीस मिली पुरे. तेल जास्त झाले, तर कॉइलमध्ये त्याचा थर बसून गारवा कमी होतो. तेलाचा नेमका प्रकार कॉम्प्रेसरवरच्या पट्टीवर लिहिलेला असतो.

व्हॅक्यूम किमान पाऊण तास चालू ठेवावा. त्याचा खरा उपयोग आतले पाणी उकळवून बाहेर काढण्याचा आहे. पाणी राहिले, तर ते एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या छिद्राशी गोठते. मग एसी वीस मिनिटे छान चालतो, बंद पडतो, थोडा वेळ थांबलात की पुन्हा चालतो, आणि गिऱ्हाईक महिनाभर चकरा मारते.

गॅस वजन करूनच भरावा. गेजवर डोळा ठेवून अंदाजाने भरलेल्या गाडीत पन्नास-शंभर ग्रॅम इकडचे तिकडे होतात, आणि ४८० ग्रॅमच्या यंत्रणेत तेवढा फरक लगेच जाणवतो. बाजारातला डबा बहुधा ४५० ग्रॅमचा असतो, म्हणजे एक पूर्ण आणि दुसऱ्यातले तीसेक ग्रॅम. गॅरेजमध्ये काटा नसेल, तर स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घेऊन जा आणि डबा भरण्याआधी व नंतर तोला. इंजिन चालू असताना डबा उभा धरून फक्त लो साइडने वायू सोडावा. उलटा धरला, तर द्रव थेट कॉम्प्रेसरमध्ये जातो, आणि द्रव दाबला जात नाही, व्हॉल्व्ह तुटतात. डबा जोडलेला असताना गेजवरचा हाय साइडचा नॉब उघडला, तर तिथला दाब उलट डब्यात शिरून डबा फुटू शकतो. मी हे एकदा पाहिले आहे. चष्मा आणि हातमोजे घालावेत. हा द्रव मोकळ्या हवेत उणे २६ अंशांना उकळतो आणि कातडीवर पडला, तर भाजल्यासारखा फोड येतो.

खाडीकाठ (रत्नागिरी) :

दुपारी अडीच वाजता, ३४ अंशांना, काटा १५० च्या किंचित वर होता. डॅशबोर्ड उतरवला नाही.

शनिवारी सगळे काम पूर्ण झाले. नवा ड्रायर बसवला, जोडांच्या सगळ्या ओ-रिंग बदलल्या, पन्नास मिनिटे व्हॅक्यूम घेतला, आणि आमच्या घरच्या काट्यावर तोलून ४७५ ग्रॅम गॅस भरला. नळीतही थोडा राहतो हे धरून तिथेच थांबलो. गॅरेजवाल्यांना काट्याची आधी गंमत वाटली, नंतर त्यांनी तो कुठे आणि कितीला मिळाला ते विचारून घेतले. ३४ अंशांच्या हवेत, इंजिन पंधराशे फेऱ्यांवर ठेवून, लो साइड ३४ आणि हाय साइड २१५ मिळाली. हवा आतल्या आत फिरवण्याची झडप लावून मधल्या खिडकीत तापमापक ठेवला, तर दहा मिनिटांत ९ अंश आले. कॉम्प्रेसर तोच, २००४ चा. नळी, ड्रायर, ओ-रिंग, गॅस आणि मजुरी असा सगळा खर्च नव्या कॉम्प्रेसरच्या एक तृतीयांशही झाला नाही.

जुनागाडा यांनी सांगितलेली हीटरची नळीही दाबून पाहिली. एका अंशाचाच फरक पडला, तेव्हा तो दोष माझ्या गाडीत नाही. क्लचमागे मात्र तेलाचा पुसट ओलावा आहे. शाफ्ट सील जाते आहे असे समजावे का? आणि काल घाटात चढताना पहिल्या गिअरमध्ये एसी दोनदा काही क्षण बंद झाला, तो दोष आहे की तशीच रचना असते?

गेजवाला (पुणे) :

घाटातले बंद होणे दोष नव्हे. पाय पूर्ण दाबला, की लहान इंजिनाच्या बऱ्याच गाड्यांत सगळी ताकद चाकांना मिळावी म्हणून क्लच काही सेकंद सोडला जातो. रेडिएटरचा काटा वर जात असेल, तरच फॅन तपासा.

सीलचा पुसट ओलावा आत्ता तसाच राहू द्या. कॉम्प्रेसर महिनोन्‌महिने बंद राहिला, की सीलवरचे तेल ओघळून जाते, ते कोरडे पडते आणि तिथून गॅस जाऊ लागतो. आपण पावसाळ्यात आणि थंडीत एसी लावतच नाही असे पहिल्या प्रश्नात लिहिले होते. यापुढे आठवड्यातून एकदा तरी दहा मिनिटे लावा. पावसात काचेवरची वाफही त्यानेच जाते. ओलावा पुसून घ्या, गणपतीच्या सुमारास पुन्हा बोट फिरवून पाहा, आणि थेंब जमू लागला असेल तर आधी त्या कॉम्प्रेसरचे सील सुटे मिळते का ते विचारा. लो साइडचे झाकण बसवले का, ते मात्र आपण लिहिले नाही.

खाडीकाठ (रत्नागिरी) :

राहूनच गेले होते, काका. आज सकाळी बसवले.